सुनजाचं जिमडाक

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नीला निकमने एकतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. पेशंटच्या आधी तिला सगळं कळायचं, पण सांगायचं काम डॉक्टरांचं. कळूनही गप्प बसायची तिला सवय होती. काही न कळता गप्प बसायची वेळ तिच्यावर रिटायर झाल्यावर आली, शेजारच्या सुनजामुळे.

सुनजा कोरियाची. नीलापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात तिचा जन्म गेला. नवरा लवकर वारला, मुलं, डेव्हिड आणि त्याची बहीण, इथेच वाढली. निकम मंडळी बावीस वर्षांपूर्वी या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सुनजा कुंपणापाशी येऊन म्हणाली होती, ‘‘तू लहान, मी मोठी. मला ऑन्नी म्हण.’’ ऑन्नी म्हणजे ताई. दोघींचंही इंग्रजी कामापुरतं, पण कधी काही अडलं नाही. हिवाळ्यात बाहेर बर्फ असला की दोघी मॉलमध्ये जाऊन फेऱ्या मारायच्या आणि मुलांपासून सांधेदुखीपर्यंत सगळं बोलून घ्यायच्या. नीलाने भाकरी आणि ठेचा दिला की सुनजा डोळ्यांतून पाणी काढत चाटूनपुसून खायची. नीलाच्या नवऱ्याची, गिरीशची बायपास झाली तेव्हा तो घरी आल्या दिवशी सुनजा मोठं पातेलं घेऊन आली होती. काळपट, गोडसर रश्शातलं चिकन, त्यात बटाटे आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया. ‘‘जिमडाक,’’ ती म्हणाली होती. ‘‘माझ्या गावचं.’’

दोन वर्षांपूर्वी सुनजा विसरायला लागली. आधी गॅस, मग रस्ते. आणि मग एक गोष्ट झाली जी नीलाच्या ध्यानीमनी नव्हती. सुनजाचं इंग्रजी गेलं. आज एक शब्द, उद्या दोन, असं करत गेल्या नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत सगळं गेलं. उरली फक्त कोरियन.

‘‘असं होतं म्हणे कधीकधी,’’ डेव्हिड म्हणाला. ‘‘नंतर शिकलेली भाषा आधी जाते.’’

ते ऐकून नीला घरी आली आणि सिंकपाशी भांडी घासायला लागली. उद्या आपलं असं झालं तर? सावनी, तिची मुलगी, दूर प्लेनोला असते. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती इंग्रजीत उत्तर देते. नातवंडांना तर प्रश्नही कळत नाही.

डेव्हिडने दिवसा सांभाळायला एक बाई ठेवली होती, पण गुरुवारी तिला सुट्टी. तो दिवस नीलाने आपणहून घेतला. दहा ते तीन ती सुनजाजवळ बसायची. सुनजा बोलायची, नीला ‘हो’ म्हणायची. कधी सुनजा चिडायची, तेच तेच पुन्हा मोठ्याने सांगायची, टेबलावर हात आपटायची. नीला पाणी पुढे करायची, शाल द्यायची, बाथरूमकडे बोट दाखवायची. एकही बरोबर नसायचं. शेवटी सुनजाच थकायची आणि खिडकीकडे तोंड करून बसायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सुनजा रिकाम्या बशीकडे बघत म्हणाली, ‘‘जिमडाक.’’ मग नीलाकडे बघून पुन्हा, ‘‘जिमडाक.’’

एवढ्या महिन्यांत नीलाला कळलेला हा पहिला शब्द! तिने लगेच डेव्हिडला फोन लावला.

‘‘आंटी, ते ती मलाही म्हणते,’’ तो म्हणाला. ‘‘दोनदा रेस्टॉरंटमधून आणलं. दोन्ही वेळा थुंकून टाकलं. तिला तिच्या हातचं हवंय, आणि तिने ते कधी लिहून ठेवलं नाही. मी कधी विचारलंही नाही.’’

‘‘मी करून बघते,’’ नीला म्हणाली.

कोरियन दुकानातल्या मुलीने तिला सोया सॉस, रताळ्याच्या पिठाच्या शेवया आणि वाळलेल्या लाल मिरच्या काढून दिल्या. नीलाने फोनवर व्हिडिओ लावला. सुरुवातच तिला पटली नाही. चिकन पाच मिनिटं उकळायचं आणि ते पाणी चक्क ओतून द्यायचं! साताऱ्याला तिच्या माहेरी त्या अळणी पाण्यावर पोरांच्या उड्या पडायच्या, आजारी माणसाला ते आधी मिळायचं. तिने ते ओतलं नाही. कांदाही सवयीने लालसर परतला, आलं-लसूण वाटून घातलं. रंग छान आला. गिरीशने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

‘‘चांगलं झालंय,’’ तो म्हणाला. ‘‘पण नीला, हे आपलं चिकन आहे. सोया सॉस घातलेलं.’’

‘‘अहो, मग ऑन्नीचं कसं होतं? तुम्ही तर किती वेळा खाल्लंय!’’

‘‘खाल्लंय गं. पण सांगता येत नाही.’’

दुसऱ्या वेळी तिने मन घट्ट करून पाणी ओतलं. बटाट्याचे मोठे तुकडे केले, ते फुटू नयेत म्हणून व्हिडिओतल्या बाईसारख्या त्यांच्या कडा सुरीने गोल केल्या. सोया सॉस, साखर, ठेचलेला लसूण, मिरच्या अख्ख्याच. शेवया अर्धा तास भिजवून शेवटी सोडल्या. त्यांनी सगळा रस्सा पिऊन टाकला आणि पातेल्यात लगदा झाला. तिसऱ्या वेळी शेवया कमी, पाणी जास्त, वरून तिळाच्या तेलाची धार. गिरीश खाता खाता थांबला. ‘‘जवळ आलीस,’’ तो म्हणाला. तिला तेवढं पुरे होतं.

पुढच्या गुरुवारी तिने सकाळी ताजं केलं आणि पातेलं टॉवेलात गुंडाळून, बर्फ तुडवत सुनजाकडे नेलं. वाडग्यात वाढलं. सुनजाने वास घेतला. चॉपस्टिक बाजूला सारून हातानेच बटाट्याचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा उचलला. नीलाचा जीव भांड्यात पडला.

मग सुनजाने नीलाचं मनगट धरलं आणि बोलायला लागली. असं ती महिनोन्महिने बोलली नव्हती. चिडून नाही, तुटक नाही. एखादी हकीकत सांगावी तसं, सावकाश. मध्येच हसली. हाताने उंची दाखवली, एवढंसं कुणीतरी. आवाज खाली आला, डोळे भरले, पण ती थांबली नाही. तिने काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी नीलाच्या तोंडाकडे बघत राहिली.

नीलाने एका हाताने डेव्हिडला फोन केला. तो मीटिंगमध्ये असावा, उचलला नाही. पुन्हा केला. नाही. तिने भाषांतराचं अ‍ॅप उघडलं. भाषा निवडेपर्यंत सुनजा पुढे गेली होती. अ‍ॅपने लिहिलं, ‘पाण्याचा जोडा काकू नाही.’ मग काहीच लिहीना. शेवटी तिला रेकॉर्डिंग सुचलं. तोवर जेमतेम मिनिटभराचं बोलणं उरलं होतं.

सुनजाने पुन्हा तोच प्रश्न विचारला.

‘‘ऑन्नी, मला नाही कळत गं,’’ नीला मराठीत म्हणाली. ‘‘खरंच नाही कळत.’’

सुनजाने हळूच तिचं मनगट सोडलं, वाडगा पुढे ढकलला आणि उठून गेली. नंतर नीलाने दोनदा वाढून पाहिलं. तिने तोंड उघडलं नाही.

डेव्हिड पाच वाजता आला. नीला मुद्दाम थांबली होती. त्याने कोट न काढता रेकॉर्डिंग कानाला लावलं. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना तो खुर्चीत बसला.

‘‘काय म्हणताहेत?’’ नीलाने विचारलं.

‘‘मला कळत नाही, आंटी.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘ही तिच्या गावची बोली आहे. माझ्याशी ती कधी अशी बोलली नाही. आणि माझी कोरियन… दहा वर्षांच्या पोराची आहे. जेव, झोप, होमवर्क. तेवढीच.’’ त्याने पुन्हा ऐकलं. ‘‘विहीर म्हणते बहुतेक. आणि कुणाचं तरी नाव. कोण आहे, मला माहीत नाही.’’

पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस तेच मिनिट पुन्हा पुन्हा मागे नेत होता. नीलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडच्या खोलीत सुनजा कपाट उघडून कपड्यांच्या घड्या मोडत होती, पुन्हा घालत होती.

डेव्हिडने ते रेकॉर्डिंग कोरियन चर्चमधल्या एका आजींना ऐकवलं. त्या दुसऱ्या प्रांतातल्या. त्यांनाही धड कळलं नाही. पुढच्या गुरुवारी नीलाने पुन्हा जिमडाक केलं, फोन आधीच चालू करून ठेवला. सुनजाने वाडग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यापुढच्याही गुरुवारी नाही.

मे महिन्यात डेव्हिडने आईला न्यू जर्सीला हलवलं. त्याची बहीण तिकडे आहे, आणि तिथल्या एका वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बायका कोरियन आहेत. निदान तिथे कुणाला तरी कळेल, तो म्हणाला. नीलाने मान हलवली. त्यात चूक काय काढणार? निघताना सुनजा गाडीत शांत बसली. नीलाने खिडकीतून हात आत घालून तिचा गाल कुरवाळला. सुनजाने ओळखीचं न हसता, परक्या माणसाला हसतात तसं हसून मान लववली.

जूनमध्ये डेव्हिडच्या बहिणीने व्हिडिओ कॉल जुळवून दिला. सुनजाचे केस आखूड कापले होते. तिथली बाई इंग्रजीत म्हणाली, ‘‘जेवतात नीट. बोलत मात्र नाहीत हल्ली.’’

‘‘कोरियनमध्येही?’’

‘‘नाही.’’

इंग्रजीचा उपयोग नव्हता, म्हणून नीला मराठीतच सुरू झाली. हरणांनी टोमॅटोची रोपं खाल्ली, गिरीशचा गुडघा सुजलाय, तुझं घर एका तरुण जोडप्याने घेतलं, त्यांचा कुत्रा दिवसभर भुंकतो. सुनजा पडद्याकडे बघत होती. ऐकत होती की नुसती बघत होती, देव जाणे. दहा मिनिटांनी त्या बाईने जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं आणि पडदा काळा झाला.

गिरीश दारातून डोकावला. ‘‘काय म्हणाल्या?’’

‘‘काही नाही,’’ नीला म्हणाली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.