पुऱ्या दिवसांचं लेकरू

देऊळघाटच्या अलीकडच्या एका खेड्यात ख्रिस्ती घर एकच, मंजुळाबाईंचं. नवरा तुळशीराम मिशनच्या दवाखान्यात राखणदार होता. तिथंच मंजुळाबाई बाळंतपणं करायला शिकल्या आणि तो गेल्यावर गावी परतून सुईणपण करू लागल्या. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. नर्सबाईंची जीप कधीमधी यायची, पण पोरं काही जीपची वाट बघत थांबत नसत. त्यामुळं निम्मं गाव मंजुळाबाईंच्या हातावर जन्मलं होतं. बाई खोटं बोलत नाही, ही त्यांची दुसरी ख्याती. भांडण लागलं की बाकीच्यांना देवळात नेऊन शपथ घ्यायला लावत. मंजुळाबाईंना नुसतं विचारत.

आज रंगराव पाटलांनी असंच विचारायला बोलावलं होतं, दिवेलागणीला, ओसरीवर. निरोप आल्यापासून बाईंना धास्ती लागली होती.

रंगरावांची सून कौशल्या परवा बाळंत झाली होती. मुलगा झाला. लग्नाला झाले होते सात महिने, आणि बाळ चांगलं गुटगुटीत, नखं वाढलेली, जावळ दाट. रंगरावांची विधवा बहीण गोजरबाई हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण बाळाची नखं तिला दारातूनच दिसली. तिनं बोटांवर महिने मोजले. इतका आनंद तिला भावाच्या घरात नातू आल्याचाही झाला नव्हता.

खरं काय ते मंजुळाबाईंना ठाऊक होतं. कळा सोसताना कौशल्यानं त्यांचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, "मावशी, लेकरू याईचंच हाय. सोयरीक झाल्यावर बियाणं पोचवाले आमच्या गावी येत होते." म्हणजे बाप घरातच होता, तिचा नवराच. पण रंगरावांचा मुलगा भगवंता बापासमोर कधी मान वर करून बोललेला नव्हता.

मंजुळाबाईंना भीती वाटत होती ती स्वतःच्याच तोंडाची. मागं एकदा असाच प्रश्न दुसऱ्या एका घरात त्यांना विचारला होता. तेव्हा त्यांनी मान ताठ करून खरं सांगितलं होतं, पुढं काय होईल याचा विचारही न करता. आपण खोटं बोलत नाही याचा तेव्हा त्यांना मोठा तोरा होता. ती पोर दुसऱ्या दिवशी विहिरीत सापडली. गाव म्हणालं, पाय घसरला. मंजुळाबाई त्या विहिरीचं पाणी आजतागायत प्यायल्या नव्हत्या.

आज सकाळी बाळाला न्हाऊ घालायला गेल्या तेव्हा त्यांनी कौशल्याला हळूच विचारलं, "मले विचारतीन. खोटं माह्यानं बोलवत नाही. तू म्हनशीन तं मी येतच नाही ओसरीवर."

"न येसान तं गोजरआत्या काय समजाचं ते समजतीनच," कौशल्या म्हणाली. "खरं सांगजा मावशी. हे गप बसनार नाहीत."

नवऱ्यावरचा तिचा हा भरवसा बाईंना नव्हता. परतताना गोठ्यापाशी भगवंता आडवा आला. तोंड उतरलेलं.

"मंजुळाबाई, अधुरं हाय म्हना ना. सातव्याचं. तुमचं काय जाते?"

"तू सांग ना बापाले. लेकरू तुह्यं हाय."

"बाबा मले जित्ता ठेवनार नाहीत."

"मंग तिले ठेवतीन काय?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

घरी येऊन मंजुळाबाई गुडघ्यावर बसल्या, पण प्रार्थनेचे शब्द जुळेनात. अधुरं, एवढा एकच शब्द. तो उच्चारला की सगळं शांत. पण गोजरबाई नखं विसरणार नव्हती; आज नाही तर वर्षानं उकरून काढणार होती, आणि मग त्या खोट्याखाली कौशल्या चिरडली असती. खोटं बोलावं तर देवाची भीती, खरं बोलावं तर विहिरीची. "देवा, माह्या तोंडापायी कुनाचा जीव जाऊ नये," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

दिवेलागणीला ओसरीवर रंगराव, शेजारी भगवंता, आणि दाराला टेकून गोजरबाई. कुडापलीकडे शेजारपाजार उगीच घुटमळत होता.

"मंजुळाबाई, लेकरू अधुरं हाय का पुऱ्या दिवसांचं?" रंगरावांनी विचारलं.

"पुऱ्या दिवसांचं हाय, पाटील," त्या म्हणाल्या, आणि गोजरबाईनं तोंड उघडायच्या आत घाईनं पुढं बोलल्या, "आन् तुमच्याच घरचं हाय. कौशल्यानं मले तसं सांगतलं, आन् तुम्हाले सांगाची परवानगी देल्ली. माह्या शब्दावर जाऊ नोका. भगवंताले विचारा."

"काय बे?" रंगराव वळले.

भगवंता जमिनीकडे पाहत होता. आत बाळ रडत होतं, ते थांबलं. कौशल्या दाराआड येऊन उभी असणार, हे मंजुळाबाईंना न बघताही कळलं.

"मले नाही ठाऊक," भगवंता म्हणाला.

गोजरबाईनं "आयकलं ना?" म्हणून टाळी वाजवली. रंगराव उठले तेव्हा मंजुळाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "पाटील, तिले हात लावू नोका. मी नेतो तिले माह्या घरी. आत्ताच नेतो."

"ने," रंगराव म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

वाटेत घराघरांची दारं बंद होत गेली. घरी आल्यावर कौशल्यानं बाळाला छातीशी घेतलं आणि ती म्हणाली, "मावशी, एक शब्द खोटा बोलल्या असत्या तं मी आज माह्या घरात असती."

"हो," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी कौशल्याला पेज पाजली, तिच्या शेजारी अंथरूण घातलं आणि तिच्या पदराला आपल्या पदराची गाठ मारली. रात्री ती उठून बाहेर निघाली तर लगेच कळलं असतं. ती गाठ कशासाठी आहे, हे दोघींनाही कळत होतं.

उजाडताना अंगणात खाकरल्याचा आवाज आला. रंगराव पाटील गावाच्या या टोकाला कधी आले नव्हते. मागं भगवंता, गाल सुजलेला.

"यानं कबूल केलं," रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "चाल सूनबाई, घरी."

भगवंता पुटपुटला, "चुकलं माह्यं."

कौशल्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "मामंजी, काल साऱ्या गावानं आयकलं," ती म्हणाली. "बाया आता विहिरीवर पान्याले आल्या असतीन. आधी तथी जाऊन सांगू द्या याईले."

भगवंतानं बापाकडे पाहिलं. "चाल बे," रंगराव म्हणाले, आणि दोघं विहिरीच्या वाटेला लागले.

मंजुळाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या पदराची गाठ सोडायला लागल्या, तोच कौशल्यानं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, मावशी. ते सांगून येईपर्यंत तरी राहू द्या."