विहिरीत काही टाकलं नाही
माझी भाची आंशा डॉक्टर होऊन राजधानीहून, मापुतोहून आली, तेव्हा आमच्या मुरेला गावच्या किनाऱ्यावर रात्रभर ढोल वाजत होते. आम्हा माकुवा लोकांत भाचरं मामाची; बापाचं नुसतं नाव. म्हणजे तो मान माझा, या अबुदोचा. मी काय सोडतोय!

पण पुढं काही वर्षांनी ती गावात यायला लागली, तेव्हा पोरीकडे सुईच नसायची. आली की घरात टेकायच्या आधी विहिरीत डोकवायची, संडासाच्या मागे जायची. मासळीवाला नासीर दात काढायचा, "अबुदो, तुझी डॉक्टरीण घाण हुंगत फिरते बघ!"

मीही एकदा चिडलो. "अगं, मापुतोत डॉक्टरकी केलीस, जिल्ह्यात बाळंतपणं केलीस. पुन्हा शाळेत जाऊन बसलीस ती या संडासांसाठी?"

"मामा, दवाखान्यात माणूस आजारी पडल्यावर येतो. तो पडूच नये, ते शिकायला गेले होते. रोग कुठल्या घरात निघाला, कुठल्या पाण्यातून पुढं गेला, ते हुडकायचं. अख्खं गाव माझा पेशंट."

"मग बरं कुणाला केलंस?"

"ते कसं सांगू? जो आजारीच पडला नाही, तो आभार मानायला येतो का?"

माझी बहीण अतीजा, तिची आई, चुलीपाशी खुदकन हसली. "माझी पोरगी मिठासारखी आहे. असली की कुणी नाव काढत नाही."

त्या वर्षी नदीच्या वरच्या गावांत पटकी आली. सरकारी माणसं तिला कोलेरा म्हणतात. आंशा जीपमधून निळं पिंप घेऊन आली आणि काजूच्या झाडाखाली सगळ्यांना म्हणाली, "घाबरू नका. उद्या सकाळी मी विहिरीत क्लोरो टाकणार आहे."

क्लोरो म्हणजे पाण्यातला रोग मारायचं औषध. पण आमच्या जिभेला जोडाक्षर झेपत नाही. क्लोरोचं आम्ही कोलोरो करतो. कोलोरो, कोलेरा, आमच्या कानाला एकच!

"ऐकलंत?" नासीर किंचाळला. "स्वतःच्या तोंडानं बोलली! विहिरीत रोग टाकणार म्हणाली!"

दगड आले. पिंप गडगडत समुद्रात गेलं. आंशाचं कपाळ फुटलं, मी तिला ओढत जीपपर्यंत नेलं. ती दगडानं रडत नव्हती. "मामा, मला ठाऊक होतं हो. लहानपणी मीसुद्धा कोलोरोच म्हणायचे. तिकडे बोलून बोलून तो शब्द तोंडात बसला. पाण्याचं औषध म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?" मग आईला म्हणाली, "आई, पाणी उकळून पी. माझी शपथ आहे."

अतीजा उकळून पीत होती. पण आयाबायांची तोंडं कोण धरणार? "लेक जाता जाता टाकून गेलीच असेल. नाहीतर आई का उकळते? तिला सगळं ठाऊक आहे."

हे कानावर आलं त्या सकाळी बहिणीनं हंडा उचलला. बायकांनी भरलेल्या विहिरीवर गेली, पोहरा ओढला आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावला. "घ्या, बघा! माझ्या पोरीनं यात काही टाकलेलं नाही."

मी धावत गेलो. "बये, वेड लागलं का तुला?"

"दादा, पोरीवर आळ आलाय. मी घरात बसून उकळलेलं पाणी पिऊ?"

त्यानंतर ती रोज तेच करायची. चारचौघींत, पोहऱ्यानं. कुणाचं ऐकेल तर ती अतीजा कसली! आणि ती खरंच बोलत होती. पोरीनं विहिरीत काही टाकलं नव्हतं. आम्ही टाकूच दिलं नव्हतं.

तिला जुलाब लागले ते थांबेचनात. होडीत घातलं तेव्हा डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. दवाखान्याचा धक्का दिसायला लागला आणि माझी बहीण गेली. माझ्या मांडीवर गेली. धक्क्यावर आंशासाठी निरोप ठेवला आणि अतीजाला घेऊन होडी गावाकडे वळवली.

आंशा कपाळाच्या पट्टीसकट आली, नवं पिंप घेऊन. विहिरीवर नासीर आणि त्याची टोळी काठ्या घेऊन उभी. मी होडीतलं वल्हंच उचललं.

"व्हा बाजूला! ही औषध टाकायला आली होती, तुम्ही टाकू दिलं नाही. माझी बहीण त्या न टाकलेल्या औषधानं मेली. आता कुणाची आई हवीय? तुझी, नासीर?"

नासीरनं मान खाली घातली. काठ्या खाली आल्या.

"हे पाण्याचं औषध आहे," आंशा आमच्या भाषेत म्हणाली. पिंपातलं औषध तिनं विहिरीत ओतलं, ठरलेला वेळ थांबली, पाणी तपासलं, मग मला मान हलवून खूण केली.

पटकीच्या मढ्याला गावच्या बायकांनी हात लावायचा नाही, असा तिचाच नियम. हातमोजे चढवून ती एकटी घरात आईपाशी गेली आणि तिनं दार लोटलं. मयताच्या पाण्यात तिला औषध आणखी कडक घालायचं होतं, म्हणून दाराबाहेर मी हंडा ठेवला. अतीजाचाच हंडा. औषध घातलेल्या विहिरीतला पहिला हंडा माझ्या बहिणीलाच मिळाला, आंघोळीला.