भासाला उत्तर द्यायचं नाही

सगळ्यात आधी खटकलं ते इतकंच, की बाहेर प्राजक्ता हसली नाही.

प्राजक्ता म्हणजे माझी गंगापूर रोडची मैत्रीण. ती कशालाही हसते. एकदा बँकेत तिचा टोकन नंबर पुकारला तर त्यालाही हसली होती. आणि इथे मी जीव तोडून "वाचवा! कोणी आहे का?" असं किंचाळले, तर बाहेर चिडीचूप. माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला. पण मला गोळा कशानंही येतो हो, कुकरची शिट्टी झाली तरी येतो. म्हणून दुर्लक्ष केलं. तिथेच माती खाल्ली!

थांबा, आधीचं सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बया किंचाळत का होती?

आम्ही चौघं दर शनिवारी एक खेळ खेळतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार, आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. कुणाला काय जमलं, काय फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी गेममास्टर. म्हणजे गोष्ट सांगणारी मी, पंच मी आणि राक्षसही मीच. पाल दिसली की पलंगावर चढणारी मुलगी राक्षस! असो.

तर या खेळात भासाची जादू असते. नसलेला पूल दिसतो, नसलेली आग दिसते. मागच्या शनिवारी मी एवढ्या कष्टानं एक जळता पूल उभा केला, की वर्णन करताना माझाच घसा कोरडा पडला. आणि निनाद, आमच्यातला नियमांचा वकील, वेफर खात म्हणतो, "खोटा आहे. मी चालत जातो."

"असं कसं? तुला आग दिसतेय!"

"माझा विश्वास नाही."

"अरे, पण धग लागतेय..."

"विश्वास नाही म्हटलं ना? संपला भास. पुढे बोल."

आठवडाभर तो पूल माझ्या छातीवर जळत होता. मग मी कडक नियम केले. नुसतं "खोटं आहे" म्हणून भास जाणार नाही. आधी काहीतरी करून बघायचं. हात लावा, दगड मारा, प्रश्न विचारा, आणि मग फासा टाका. पंधरा किंवा जास्त पडले तर कळणार की हा भास आहे. आणि आवाजाचा भास असेल, तर त्याच्या मदतीला धावलात की मेलात! सगळ्यांनी मान्य केलं. निनादनं तर टाळ्या वाजवल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

या शनिवारी खेळ आमच्या चौथ्या गड्याकडे, सुमितकडे होता. सुमितच्या वडिलांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, अगदी हायवेला लागून. सध्या द्राक्षं नाहीत, त्यामुळे शेड रिकामी. तिथेच आम्ही टेबल टाकलं. शेजारी माल थंड करायच्या खोल्या, त्यांना चेंबर म्हणतात. भिंती गादीसारख्या जाड, आत मिट्ट काळोख. टेबलाला लागूनचं एक चेंबर उघडंच होतं. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

गोष्टीत एक चेटकीण होती, साथीदारांच्या आवाजात तळघरातून हाका मारणारी. मी ठरवलं, हा आवाज खराखुरा बंद खोलीतून आला पाहिजे. सगळ्यांचे फोन सायलेंट करून द्राक्षांच्या एका रिकाम्या कॅरेटमध्ये ठेवायला लावले. माझा तेवढा टॉर्चसाठी घेतला.

"मी आत जाते. सुमित, मागून दार लाव. आतून आवाज आला की खेळ सुरू."

"तुला भीती नाही वाटणार?" प्राजक्तानं विचारलं.

"मी राक्षस आहे," मी म्हणाले, आणि कोपऱ्यात जाळं दिसतंय का ते बघत आत शिरले. मागे दार लागलं.

मग त्या किंकाळ्या. मग ती शांतता. दोन-चार हाका मारून झाल्यावर म्हटलं, पुरे. बाहेर यायला दार ढकललं.

हललं नाही.

खांद्यानं ढकललं. दांडा धरून ओढलं. पाय लावून ओढलं. ढिम्म!

"सुमित, दार उघड रे. अडकलंय हे."

जाड दारातून निनादचा आवाज आला, पाण्याखालून आल्यासारखा. "ऐका, आता तिनं चाल बदलली."

"अडकलंय म्हणे!" सुमित हसला. "ते दार अडकण्यासारखं आहे का? लय भारी करतेय पण."

"अरे, खेळ नाही हा! मी खरंच अडकलेय!"

"चेटकीणही हेच म्हणेल," निनाद म्हणाला. आणि काय सांगू, मुद्दा बरोबर होता! चेटकिणीचं पुढचं वाक्य माझ्या गोष्टीच्या वहीत अक्षरशः हेच होतं.

तेवढ्यात मला थंडी वाजायला लागली. आधी बोटं, मग नाक, मग पाठीतून सळसळत वर. माझ्या लक्षात आलं, मशीन चालू झालंय! ही द्राक्षं गारठवायची खोली आहे, हिला माणूस आणि थॉमसन द्राक्षं यातला फरक काय कळणार? मी दारावर मुठी आपटल्या.

"ऐका, ठोकतेय!" प्राजक्ता घाबरली. "भास ठोकू शकतो का?"

"आवाजाचा भास आहे," निनाद म्हणाला. "ठोकल्याचा आवाज हा पण आवाजच."

"मग आपण प्रश्न विचारू. नियमात आहे." ती दाराजवळ आली. "खरी ऋतुजा असशील तर सांग, माझा वाढदिवस कधी?"

आता मला सांगा, गोठून मरताना कुणाला वाढदिवस आठवतो? मी चुकीचा महिना सांगितला.

"बघा!" तिघं एकदम ओरडले.

मला रडू फुटलं. चांगलं हमसून. आता तरी यांचा विश्वास बसेल. मला वाटलं, सुटले.

"पण ऋतुजा रडायच्या आधी सॉरी म्हणते," सुमित म्हणाला.

"सॉरी! सॉरी!" मी ओरडले.

"आईशप्पथ, आपलं ऐकून बोलतंय ते!" प्राजक्ता किंचाळली.

मग फासा टेबलावर घरंगळल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ जल्लोष. प्राजक्ताला अठरा पडले होते! म्हणजे तिला स्वच्छ कळलं, की आतला आवाज भास आहे. माझ्याच खेळात, माझ्याच नियमानं, मी अस्तित्वातच नव्हते.

मी फोन काढला. प्राजक्ताला लावला. बाहेर कॅरेटमध्ये फोन गुरगुरला. सुमितला लावला. पुन्हा गुरगुर.

"फोन वाजतायत रे," प्राजक्ता म्हणाली.

"उचलू नकोस! मदतीला धावलात की मेलात, नियम आहे," निनाद ओरडला.

निनादला लावला. "तिघांचे ओळीनं? हा पण भासच," असं त्यानंच जाहीर केलं.

आता उरले एकच. सुमितचे वडील. रस्ता चुकले तर असावा म्हणून सुमितनं त्यांचा नंबर दिला होता. पण त्यांना काय सांगायचं? काका, मी तुमच्याकडे पहिल्यांदाच आले आणि तुमच्या चेंबरमध्ये चेटकीण होते? मी मनात वाक्य तयार केलं, दोनदा म्हणून पाहिलं. मग वाटलं, गोठलेल्या मुलीला कसली आलीय लाज! लावला फोन. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. काका लासलगावला कांद्याच्या लिलावात होते, तिथे कुणाला ऐकू जाणार? दात वाजायला लागले होते. डोळ्यांसमोर आईचा चेहरा आला. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि आणखी एकदा लावला.

"हॅलो! कोण हाय?" मागे ट्रॅक्टरची धडधड, भाव पुकारणाऱ्यांचा गलका.

"काका, मी ऋतुजा! सुमितची मैत्रीण! मी तुमच्या चेंबरमध्ये कोंडले गेलेय! कुलूप लागलंय, मशीन चालू आहे, मी गारठून मरतेय काका!"

पलीकडचा गलका जरा लांब गेला. मग काका अगदी शांतपणे म्हणाले,

"पोरी, त्या दाराला कुलूपच नाय. ढकलती कशाला? सरकतं ते, डाव्या हाताला. आन् मशीन तर द्राक्षं संपल्यापासून बंद हाय. तू गारठती कशानं गं?"