जिभेवर आलेली लेन्स

मला राग येतो तो त्या पत्रकाचा. लेन्सच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं ते पातळ पत्रक मी पाठ केलं होतं. आजही झोपेतून उठवून विचारा. हात साबणाने धुवा, स्वच्छ फडक्याने कोरडे करा. लेन्स तळहातावर ठेवून सोल्यूशनचे थेंब टाका, बोटाने हलकी चोळा. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून द्या, नवं भरा, जुन्यात भर घालू नका. पाणी लागू देऊ नका. लेन्स घालून झोपू नका. डोळा लाल झाला तर लेन्स काढा आणि डॉक्टरकडे जा. सगळं खरं आहे, एक शब्द खोटा नाही. फक्त लिहिणाऱ्याने असं धरून चाललंय की वाचणारीच्या घरी मोरीला कडी आहे, आणि ती दिवसातून दोनदा दहा मिनिटं कुठे होती हे तिला कुणी विचारणार नाही.

माझं माहेर सुदुंबऱ्याचं. नववीत फळ्यावरचं दिसेना म्हणून चष्मा लागला आणि लग्नाच्या वयापर्यंत नंबर उणे साडेपाचवर गेला. पहिली दोन स्थळं चष्म्यामुळे परत गेली. म्हणजे पोहे खाऊन, हसून, निरोप घेऊन गेली आणि नंतर मध्यस्थाकडून कळवलं की मुलगी चांगली आहे, पण चष्मेवाली नको. त्यातल्या एका मुलाच्या नाकावर त्याच्याच चष्म्याचे वळ होते. आमच्या दारात येताना काढून खिशात ठेवला असणार. आईला त्यात काहीच खटकलं नाही. तिसऱ्या स्थळाआधी ती मला तळेगावला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "हिला डोळ्यात घालायच्या काचा द्या. पन बघनाऱ्याला कळल्या न्हाई पायजेत."

दुकानदार भला माणूस. अर्धा तास बसून त्याने मला लेन्स घालायला, काढायला, धुवायला शिकवलं. आई तेवढा वेळ एसटीचं काय करायचं म्हणून चुळबुळत होती.

तिसरं स्थळ वडिवळ्याचं. सासूबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "नजर बरी हाय ना पोरीची? आमच्याकडं भाताची कामं लय."

"व्हय तर," आई म्हणाली, "चटकन सुईत दोरा ओवती."

ओवत होते, लेन्स घालून. मी मान खाली घालून बसले. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी ते उघडलं नाही, म्हणून सगळं खापर आईवर फोडायची सोय मला नाही. तरी तिचा राग यायचा तो येतोच.

लग्नानंतर चौथ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. तिथे डोळ्यांवर गॉगल चढवल्याशिवाय मशीनला हात लावू देत नाहीत, तेव्हा डोळ्याची किंमत त्याला तरी कळायला हवी होती. तो आधी हसला. मग म्हणाला, "आईला कळू दिऊ नको. तुमच्याकडनं नजर बरी हाय म्हनलेत. आता सांगितलं तर लय तमाशा व्हईल." झालं. आधी मी एकटी लपवत होते, आता आम्ही दोघं.

त्या घरात लेन्स धुणं म्हणजे चोरीच होती. डबी पेटीच्या तळाशी, साडीच्या घडीत. मोरीला नुसता पडदा, आणि बाहेर कुणीतरी कायम पाण्याला आलेलं. सकाळी हात शेणात, मग चुलीशी, मग भांड्यांत. ते धुवायचे कधी आणि कोरडे कशाला करायचे, पदराला? पाहुणे आमच्या खोलीत झोपायला आले की मी लेन्स घालूनच झोपायची. सोल्यूशन नवऱ्याने तळेगावहून आणायचं. तो "उद्या आणतो" म्हणायचा आणि मी डबीतल्या जुन्यातच चार थेंबांची भर घालायची. तीन महिन्यांनी डबी बदला, दुकानदाराने सांगितलं होतं. माझी लग्नातलीच होती. तिच्या कडेला बोट फिरवलं की बुळबुळीत लागायचं. मी बोट पुसायची आणि झाकण लावायची.

भाताची झोडणी निघाली आणि त्याच दिवशी बाटली संपली. मी पाणी उकळलं, त्यात मीठ टाकलं, निवलं तसं डबीत ओतलं. उकळलंय म्हणजे शुद्धच, असं स्वतःला सांगितलं. दहावीला मला विज्ञानात शहात्तर मार्क होते.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर पेंढी आपटताना उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. मी डोळा धरून खालीच बसले. आमच्या आळीत एक म्हातारी आहे, तिला सगळा गाव मावशी म्हणतो. डोळ्यात कुसळ गेलं की ती जिभेने काढते. पापणी दोन बोटांनी वर करते, जीभ डोळ्यावरून फिरवते आणि कुसळ जिभेच्या टोकावर आणून दाखवते. सासूबाईंनी तिला हाक मारली. मी नको नको म्हणत होते. त्यांना वाटलं, सुनेला किळस येतेय. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मावशीची तंबाखूची जीभ डोळ्यावरून फिरली. मग तिने जीभ बाहेर काढली, बोटाने चाचपली आणि किंचाळलीच.

"आगं बया! डोळ्याचं साल निघालं की गं हिच्या!"

बायका गोळा झाल्या. मावशी बिचारी ते बोट तसंच पुढे धरून उभी होती. आपण सुनेचा डोळा सोलून काढला असं तिला वाटत होतं. मला अजून त्या म्हातारीची लाज वाटते. "काही नाही मावशी, पेंढ्याचा पापुद्रा असंल," असं मी म्हणाले, लेन्स तिच्या बोटावरून उचलली आणि गोठ्यामागे पळाले.

तिथे नळ होता. नळाखाली लेन्स धरली, दोनदा विसळली आणि तीच परत डोळ्यात घातली. पत्रकातली ओळन् ओळ तेव्हा मला आठवत होती. आठवत असूनही घातली, कारण एका डोळ्याने धूसर दिसत असताना खळ्यावर वावरले असते तर तिसऱ्या पावलाला अडखळले असते आणि सगळं उघडं पडलं असतं. डोळ्यापेक्षा मला ते जड वाटलं. याइतका राग मला दुसऱ्या कशाचाच येत नाही.

पुढचे तीन दिवस डोळा लाल, पाण्याने भरलेला. सासूबाई रुमाल फुंकरीने गरम करून डोळ्यावर धरायच्या, प्रेमानेच. त्या उठून गेल्या की मी पुन्हा लेन्स घालायची. चौथ्या दिवशी डोळा उघडेना. उजेड सुईसारखा टोचत होता. बोटाने पापणी वर केली तेव्हा आरशात बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

सासूबाई आणि नवरा मला जीपने तळेगावला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "लेन्स वापरता?"

मी "नाही" म्हणाले. नवरा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. बाईंनी भिंग बाजूला केलं. "खरं सांगा. त्यावर औषध ठरणार आहे. डोळा जाऊ शकतो."

मग सांगितलं. डबीचं, मिठाच्या पाण्याचं, नळाचं, मावशीचं, सगळं. सासूबाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. मला वाटलं, आता सगळ्या दवाखान्यासमोर त्या माझा उद्धार करणार. त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली.

"चष्मा आसता," मग म्हणाल्या, "तर कुसळ काचंवर आपटलं नसतं का गं?"

याचं उत्तर आईने द्यायला हवं होतं, पण ती तिथे नव्हती.

दिवसरात्र तासातासाला थेंब घालून तो ठिपका वाळला. वाळला म्हणजे वण राहिला, बरोबर मधोमध. उजव्या डोळ्याने आता समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही.

आई भेटायला आली ती उभ्याउभ्याच आली. माझी हनुवटी धरून तिने तोंड उजेडाकडे वळवलं. "आता लाव बाई चष्मा," म्हणाली, "आता काय, लगीन झालंय."

मी तिला सांगितलं की डाव्याला लागेल. उजव्याला आता कुठलाच नंबर चालत नाही, डॉक्टरीणबाईंनी सगळी भिंगं लावून पाहिली.

ती दोन पावलं मागे सरकली, डोळे बारीक करून पाहिलं, आणि तिच्या तोंडावर बरं वाटल्याचं दिसलं.

"न्हाई गं," ती म्हणाली, "लांबनं कुनाला कळत न्हाई."