ज्याची सही, तो सांगेल

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. माझं पोस्टिंग मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या स्टोअर डेपोत होतं. मी हवालदार तावडे. घर घाटकोपरला, म्हणजे बायको-मुलगी हाकेच्या अंतरावर. आठ वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला असं पोस्टिंग म्हणजे सासुरवाडीचा पाहुणचार. तिथेच माझ्या चुकीने माझा मित्र गेला.

नाईक सायमन परेरा माझ्या हाताखाली फायर एनसीओ होता, म्हणजे आग विझवायची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. अंधेरीच्या मरोळ गावचा, मुंबईच्या मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातला, घरची बोली मराठीच. ड्युटीवर मला ‘हवालदारसाहेब’ म्हणायचा, एरवी ‘तावड्या’. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या जेवणघरात, ताट समोर आलं की डोळे मिटायचा, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावायचा आणि मगच जेवायचा. पोरं त्याला ‘पाद्री’ म्हणून चिडवत. तो हसायचा आणि आपल्या वाटचं मटण चिडवणाऱ्याच्याच ताटात वाढायचा. कुणी तापाने पडला की त्याची गार्ड ड्युटी सायमन करणार, हे सांगावंही लागत नसे. धर्मावर भाषण मात्र त्याने कधी दिलं नाही.

दर शनिवारी १६०० अवर्सला आगीसाठीचे अकरा हायड्रंट, म्हणजे पाण्याचे मोठे नळ, तपासून रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम होता. नियम पाळायची आपली एक रीत असते: खुर्चीत बसून ‘चेक्ड, ओके’ लिहायचं. सायमन प्रत्येक हायड्रंटचं चाक हाताने फिरवायचा, पाणी आलेलं बघायचा, मग सही करायचा.

मी एकदा म्हणालो, “अरे, बघतंय कोण?”

“देव काय फक्त रविवारी बघतो? शनिवारी चार वाजता पण बघतो ना, तावड्या.”

ऑक्टोबरात त्याच्या गावचा आगेरा, सुगीचा सण, आला. त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांच्यावर आशीर्वाद घेतात. मरोळची शेतं कारखान्यांखाली गेली होती, तरी त्याची आई कुठून कुठून लोंब्या मागून आणायची. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, सायमन माझ्याकडे आला.

“आई एकटी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत जाऊन येऊ?”

“जा. पास बुकात लिहितो मी.”

“हायड्रंट तेवढे बघ. चार नंबरचं चाक जड फिरतंय. ग्रीस लाव, विसरू नकोस.”

“जा रे बाबा.”

बाहेर जाणाऱ्यांच्या त्या बुकात मी लिहिलं नाही. ग्रीसही लावलं नाही. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंटरी लागली होती आणि मला उठायचा कंटाळा आला, एवढंच कारण. १६३० ला रजिस्टर पुढे ओढलं, ‘चेक्ड, ओके’ लिहिलं आणि खाली सायमनची आद्याक्षरं ठोकली. बाहेर गेलेल्या दोस्तासाठी सही मारणं आमच्यात यारी समजली जायची. रविवारी संध्याकाळी त्याने परत आल्या आल्या विचारलं, “चार नंबर?”

“झालं,” मी म्हणालो.

सोमवारी १४४० अवर्सला ताडपत्रीच्या शेडमध्ये शॉर्टसर्किट झालं. मी गार्डरूममध्ये फोन उचलला.

“शेड दोन. आग. माणूस आत आहे.”

“कोण?”

“शिपाई राणे.”

“हायड्रंट चार खोला. मी येतोय.”

मी पोचलो तेव्हा दोघं जवान चार नंबरच्या चाकाला लोंबकळत होते. चाक हललं नाही. लांबच्या सहा नंबरवरून होज पाइप ओढून आणायला सात मिनिटं गेली. सायमनने तेवढी वाट बघितली नाही. पिण्याच्या माठात गोणपाट बुचकळलं, डोक्यावर घेतलं आणि आत शिरला. राण्याला त्याने दारापर्यंत ओढत आणलं आणि बाहेर ढकललं. त्याच क्षणी मागचा रॅक त्याच्या अंगावर आला.

राणे वाचला. सायमन हॉस्पिटलात चार दिवस जगला.

त्या चार दिवसांत मी तीनदा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो. आत गेलो नाही. नायब सुभेदारीसाठी माझं नाव वर गेलेलं होतं. खरं बोललो तर प्रमोशन जाईल, ही भीती होती. त्याहून मोठी भीती त्याच्या डोळ्यांची होती. मी भ्याडपणा केला. याला दुसरा शब्द नाही.

पाचव्या दिवशी चौकशी बसली. कॅप्टनसाहेबांनी सायमनचा हॉस्पिटलात घेतलेला जबाब वाचला. “सही माझी नाही. ज्याची सही, तो स्वतः सांगेल. त्याला थोडा वेळ द्यावा.” खाली अंगठा होता, कारण पेन धरायला बोटं राहिली नव्हती.

कॅप्टनसाहेबांनी कागद ठेवला. “आद्याक्षरं त्याचीच आहेत. पास बुकात तो बाहेर गेल्याची नोंद नाही. स्वतःची चूक झाकत असावा. निष्काळजीपणा परेराचा, असं लिहावं लागेल.”

आयुष्यात एकदाही खोटी सही न केलेल्या माणसाच्या नावावर हे लिहिलं जाणार होतं. मी उभा राहिलो.

“सर, सही माझी आहे.”

“मोठ्याने बोल.”

“सही माझी आहे सर. तो माझ्या तोंडी परवानगीने घरी गेला होता. चाक मी बघितलं नाही. आणि बघितलं असं त्याला खोटं सांगितलं.”

माझ्या बाहीवरची एक फीत गेली. नाईक म्हणूनच मी रिटायर झालो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

महिनाभराने मी मरोळला गेलो. सायमनची आई, मार्थामावशी, ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

“तूच तावडे? तुझी लई वाट बघितली त्याने. दार वाजलं की सिस्टरला विचारायचा, तावड्या आला काय?”

“माफ करायला बोलवत होता?”

“नाय रे पोरा. माफ तर त्याने पहिल्याच दिवशी केलं. मला म्हणाला, आई, तो एकटाच कुढत असेल, त्याला कोणीतरी इथे आणा.”

मी ओट्यावर बसलो आणि रडलो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मुलगा तिचा गेला होता आणि धीर ती मला देत होती.

मावशी गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. दोन नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक आपल्या मेलेल्यांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात. त्या दिवशी मी घाटकोपरहून मरोळला जातो. कबरीवर लिहिलंय: नाईक सायमन परेरा, वय एकतीस. मेणबत्ती लावतो, सावधान उभा राहतो आणि सांगतो, “सायमन, आलो रे.”