न चाखलेला शिरा

वजन उतरवायला साखर, भात, पोळी बंद करून आठवडाही झाला नाही, आणि मी घरभर नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. फ्रीज उघडते, उगाच बघते, बंद करते. आज ह्यांच्यासाठी शिरा केला. तुपात रवा तांबूस झाला तसा वास थेट डोक्यात गेला.

"साखर झाली का पुरेशी, बघ चाखून," हे बाहेरून म्हणाले. "चमचाभराने काय होतंय?"

चमचा ओठांपर्यंत गेला आणि सत्यनारायणाचा शिरा आठवला. तो मी इतकी वर्षं न चाखताच करत आलेय. नैवेद्य दाखवेपर्यंत सकाळभर उपाशी राबूनही कधी जीव असा कासावीस झाला नाही. देव आधी जेवणार म्हणून? छे! तासाभरात आपल्याही हातावर प्रसाद पडणार, ही खात्री होती म्हणून. एवढीच माझी भक्ती!

आता पुढे प्रसाद नाही. दुखरे गुडघे आणि चिरून ठेवलेली काकडी.

मी चमचा तसाच बाहेर नेला. "तुम्हीच चाखा."

त्यांनी चाखला, डोळे मिटून मान डोलावली. रिकामा चमचा घेऊन मी आत आले. त्याला अजून तूप लागलेलं होतं. मन बदलायच्या आत मी नळ सोडला.