गारखोलीचे अण्णा

सांगलीच्या वैशाखात रस्त्यावरचे डांबर मऊ होत असे, तेव्हाही अण्णांच्या अंगात बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर असे. रुग्णालयाच्या फाटकापाशी चहा प्यायला ते तसेच येत. एखादा नवखा माणूस त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला की चहावाला म्हणे, "आजारी न्हाईत ते. गारखोलीचे अण्णा हायत." गारखोली म्हणजे रुग्णालयाची सर्व्हरची खोली. तिथे बारा महिने थंडी राखावी लागे, आणि ती राखणे हे अण्णांचे काम होते.

ते मुळात त्या धर्मादाय रुग्णालयातले रेकॉर्डचे कारकून. कागदी केसपेपरांचे गठ्ठे त्यांनी वर्षानुवर्षे बसून संगणकात चढवले होते. त्यामुळे जे सर्व्हरमध्ये होते, ते बहुतेक त्यांच्या डोक्यातही होते. एकदा दहिवडीकडचे एक म्हातारे बऱ्याच वर्षांनी आले. अण्णांनी त्यांना पाहताक्षणी विचारले, "डावा पाय ना? बैल उधळला हुता." म्हातारे चकित झाले. "आवं, माझ्या बायकूलाबी ध्यानात न्हाई एवढं." अण्णा म्हणाले, "तिला इसरायचं आसंल." मग नेहमीप्रमाणे त्यांनी आपले वाक्य उच्चारले, "माणूस परत येतोच. आला की त्याचा कागुद जाग्यावर पायजे."

मी साताऱ्याचा. मोठ्या सर्व्हरची सॉफ्टवेअरे विकणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो, आणि हे रुग्णालय माझ्याकडे होते. अण्णा मला नावाने कधी हाक मारत नसत. "या सातारकर," म्हणत. मी पुष्कळ बोललो की चहावाल्याकडे वळून सांगत, "यांच्या चहात साखर घालू नगंस. घरनंच गोड हून आल्यात."

त्यांच्या कामाची रीत शिस्तीची होती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, सकाळी दवाखाना सुरू होण्यापूर्वी ते सर्व्हर रीतसर बंद करीत. त्याचे कपाट उघडून धूळ काढीत, कोरड्या फडक्याने एकेक तार पुशीत. झेंडूची फुलेसुद्धा टॉवेलने टिपून मगच दाराला बांधीत, कारण पाण्याचा एक थेंबही त्यांना तिथे चालत नसे. हळदकुंकू कपाटाच्या बाहेरच्या पत्र्याला, नारळ उंबऱ्याबाहेर. घटकाभर यंत्र शांत राहू द्यायचे, मग पुन्हा चालू करायचे आणि सगळ्यांना भडंग वाटायचे. एका वर्षी मीही त्या पूजेला होतो. "वरीसभर राबतंय," अण्णा म्हणाले, "एक दिस तरी त्याला निवांत श्वास घिऊ दे."

सर्व्हर चालवणारे मूळ सॉफ्टवेअर रुग्णालयाने फार पूर्वी कायमचे विकत घेतले होते. त्याचा परवाना अण्णांनी प्लॅस्टिकमध्ये बंद करून गारखोलीच्या भिंतीवर लावला होता. पुढे ते बनवणाऱ्या कंपनीने कायमचे परवाने विकणे थांबवले. यापुढे फक्त वर्षाची वर्गणी. जुना परवाना लेखी परत करायचा आणि मुदतीचा घ्यायचा. जुने सॉफ्टवेअर बंद पडणार नव्हते. त्याची दुरुस्ती तेवढी मिळणार नव्हती. विश्वस्तांना मी हे दुरुस्तीचे कारण पुष्कळ रंगवून सांगितले. अण्णांना ते पटेना.

"वर्गणी गणपतीला देतो आमी," ते म्हणाले. "ही कुठल्या मंडळाची?"

"आता सगळीकडे हेच आहे, अण्णा."

"हीर आपली, मोटर आपली, आन स्टार्टरची किल्ली तुमच्याकडं. आसंच की न्हाई?"

मी हसलो. ते हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी सरळ विचारले, "मुदत सरली, नवी वर्गणी भरायला चार दिस उशीर झाला, तर मशीन बंद पडंल का? एवढंच सांगा."

मी म्हणालो, "चालू असलेलं बंद पडत नाही, अण्णा."

हे खरे होते. मुदत संपली तरी चालत असलेला सर्व्हर चालत राहतो. मात्र एकदा तो बंद केला, तर नवी मुदत मिळेपर्यंत पुन्हा सुरू होत नाही. हे दुसरे वाक्य मला पाठ होते. ते मी उच्चारले नाही. ते ऐकून अण्णा अडून बसतील आणि विश्वस्त त्यांचे ऐकतील, याची मला भीती वाटली. माझी पन्नाशी उलटली होती, आणि त्या वयाच्या माणसाला आमच्या धंद्यात फार काळ ठेवत नाहीत, हीसुद्धा एक भीती होती. अण्णांनी माझ्या शब्दावर मान डोलावली आणि भिंतीवरचा परवाना स्वतःच्या हाताने उतरवून माझ्याकडे दिला.

पहिले वर्ष सरले. नव्या वर्गणीचा कागद विश्वस्तांच्या सह्यांसाठी अडकला होता, आणि ऐन नवरात्रात मुदत संपली. तशी सूचना माझ्याकडे आली. वरिष्ठांनी सांगितले, "तुम्ही होऊन फोन करू नका. त्यांना गरज पडू द्या, मग तीन वर्षांचा करार होईल." खंडेनवमीच्या सकाळी मी साताऱ्यात घरी गाडी धूत होतो. गाडीला हार घालताना अण्णांचे फडके डोळ्यांपुढे आले. मी फोन हातात घेतला, त्यांचा नंबरही काढला. त्या वेळी त्यांनी सर्व्हर अजून बंद केला नसेल, एवढा अवधी नक्की होता. मी फोन खिशात ठेवला आणि उदबत्ती लावली. त्या क्षणी मनात नेमके काय होते, हे मी पुष्कळदा तपासून पाहिले आहे. दुष्टावा नव्हता. दुसरे कोणीतरी सांगेल, इतकेच होते.

अण्णांनी सर्व्हर बंद केला, पुसला, पुजला. मग तो सुरू झाला नाही.

नवी मुदत मिळायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस अण्णा बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या माणसाकडे पाहून आठवेल ते सांगत राहिले: यांना साखर हाय, यांचं काळजाचं ऑपरेशन झालंय, यांना अमकी गोळी सोसत न्हाई. शेकडो माणसांचे त्यांनी बरोबर सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांनी तापाने बेशुद्ध झालेली एक बाई आणली. अण्णांना ती आठवली नाही. तिला दिलेले इंजेक्शन तिला पूर्वी एकदा बाधले होते आणि तशी नोंद सर्व्हरमध्ये होती. बाईचा जीव वाचला, पण ती आठ दिवस अतिदक्षता विभागात होती. ते आठही दिवस अण्णा तिच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून होते, असे मला नंतर कळले.

चौकशीच्या बैठकीला मला बोलावले. अध्यक्ष निवृत्त डॉक्टर होते, शांत स्वभावाचे. त्यांनी विचारले, "एकच सांगा. अण्णांनी पूजेसाठी यंत्र बंद केलं नसतं, तर ते चालू राहिलं असतं का?"

"हो," मी म्हणालो.

एवढेच. हेही खरेच होते. टेबलाच्या पलीकडे अण्णा बसले होते. माझ्या उत्तरानंतर त्यांनी मान वर केली आणि मी पुढे काही बोलेन म्हणून थांबून राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. एखाद्याचे बोलणे मध्येच तुटले की आपण जसे थांबतो, तसे ते थांबले होते. अध्यक्षांनी कागद मिटला. गारखोलीची किल्ली अण्णांकडून घेण्याचे ठरले.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठले. मी शब्दांची जुळवाजुळव करीत होतो, तोच ते म्हणाले, "सातारकर, तुमी त्या येळी सांगितलं आसणार. बंद केलं तर सुरू हुणार न्हाई म्हून. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई. ती बाईबी बगा, वळकू आली न्हाई."

त्या क्षणी एक शब्द पुरे होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या, अण्णा. वय होतंच."

ती नोकरी मी पुढे सोडली. आता लहानसे काम करतो. गिऱ्हाईक एक विचारते आणि मी चार गोष्टी सांगतो. ते कंटाळून घड्याळ पाहू लागते, तरी शेवटपर्यंत सांगतो. आणि बोलता बोलता कोणी मान वर करून थांबले, की सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

अण्णा गेल्याचे मला गेल्या महिन्यात कळले. त्याआधी एकदाच मी त्यांच्या गावी, द्राक्षबागेतल्या घरी गेलो होतो. ते ओसरीवर बसले होते, जवळ शाळेतली एक वही. त्यांच्या पत्नी, काकी, पाणी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता कोण काय बोललं ते समदं लिवून घेत्यात. डॉक्टर म्हनत्यात, काय झालं न्हाई. पर यांचा सोताच्या डोक्यावर भरवसाच न्हाई ऱ्हायला."

मी अण्णांसमोर बसलो आणि सगळे सांगितले. काय विचारले होते, मी काय उत्तर दिले, काय गाळले, नवमीच्या सकाळी फोन कसा खिशात ठेवला. काही झाकले नाही. त्यांनी मन लावून ऐकले. मग काकींकडे पाहून म्हणाले, "बगितलंस? माझ्या जिवाला लागू न्हाई म्हून माणूस एवढ्या लांबनं येऊन आपल्यावर घेतोय."

"अण्णा, मी खरं सांगतोय. तुम्ही काही विसरला नव्हता."

"व्हय, व्हय," ते म्हणाले, आजाऱ्याची समजूत घालावी तशा आवाजात. मग त्यांनी वही मांडीवर ओढली आणि कारकुनाच्या त्या घोटीव अक्षरात सावकाश एक ओळ लिहिली. मला ती उलटी दिसत होती, तरी वाचता आली. सातारकर घरी आले होते. त्यांनी मला माफ केले.